सी अर्चिनच्या (काटेरी समुद्री प्राण्याच्या) अंड्यांतून केंद्रकं काढताना चिकट गोळा का होतो? (विचारणारे: एमएस्सी, वाशी)

चिकट गोळा झाला म्हणजे केंद्रकं फुटली आणि आतला डीएनए बाहेर आला. तो नमुना सोडून द्या, ढवळत बसू नका.

शक्य असेल तर अंड्यांऐवजी ब्लास्टुला घ्या, म्हणजे फलनानंतर काही तासांनी बनणारा पेशींचा पोकळ गोळा. अंड्यात केंद्रक एकच, बाकी सगळा पेशीद्रव. ब्लास्टुलात शेकडो पेशी असतात, म्हणजे तेवढ्याच मालातून कितीतरी जास्त केंद्रकं मिळतात.

खरी मेख फलनाच्या वेळची आहे. फलनानंतर अंड्याभोवतीचं आवरण काही मिनिटांत कडक होतं, मग ते फोडायला जोर लावावा लागतो आणि केंद्रकंही जातात. म्हणून फलनाच्या पाण्यातच पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल घाला. आवरण मऊ राहतं आणि नायलॉनच्या जाळीतून भ्रूण गाळले की सुटतं. पुढे कॅल्शियम नसलेल्या समुद्री पाण्यात धुतलं की पेशी एकमेकींना सोडतात.

बफरमध्ये (केंद्रकं ज्यात ठेवायची त्या द्रावणात) सुक्रोज हवं आणि स्पर्मिडीन तर हवंच, कारण ईडीटीएने (धातूंचे आयन पकडणाऱ्या रसायनाने) मॅग्नेशियम ओढून घेतल्यावर क्रोमॅटिनला, म्हणजे डीएनए आणि प्रथिनांच्या गुंडाळीला, बांधून ठेवणारं दुसरं काहीतरी लागतं. सगळं बर्फावर. डाउन्स होमोजनायझर (काचेची नळी आणि तिच्यात घट्ट बसणारा दट्ट्या) चार-पाच वेळा खालीवर केला की थांबा, थेंबभर नमुन्यात डॅपी (डीएनएला चिकटून निळा चमकणारा रंग) घालून फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली बघा. गोल, स्वच्छ कडांची निळी केंद्रकं दिसली की पुरे. कडा धूसर दिसल्या तर जोर जास्त झालाय.

आणि भ्रूण वाढवायला वाशीच्या खाडीचं पाणी कृपया वापरू नका. पावसाळ्यात त्याचा खारेपणा फार उतरतो, शिवाय सांडपाणी मिसळलेलं असतं. कृत्रिम समुद्री पाणी बनवा, खारेपणा हजारी 35 च्या आसपास ठेवा.