एकच प्रोग्रॅम, तीन बिल्ड फाइल्स

प्रश्न: आमची छोटी टीम साखर कारखान्यांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बनवते, सी++मध्ये. काट्यावर विंडोज, सर्व्हरवर लिनक्स, आमच्यातल्या दोघांकडे मॅक. त्यामुळे प्रोग्रॅम कसा बांधायचा (बिल्ड) हे सांगायला विंडोजसाठी व्हिज्युअल स्टुडिओचा प्रोजेक्ट, लिनक्ससाठी मेकफाइल आणि मॅकसाठी एक्सकोडचा प्रोजेक्ट असं त्रांगडं होऊन बसलंय. नवी फाइल आली की तीन ठिकाणी नोंद करा. एक ठिकाण हमखास राहतं आणि कळतं ते ऐन गाळपात. सीमेकवर (एकाच वर्णनावरून प्रत्येक सिस्टिमच्या बिल्ड फाइल्स बनवणारं साधन) जावं म्हणतोय, पण तिथेही ‘इफ विंडोज, इफ मॅक’ लिहीत बसलो तर काय मिळवलं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: काहीच नाही. तीन जुन्या फाइल्स एकाखाली एक चिकटवून प्रत्येकीच्या डोक्यावर ‘इफ’ ठेवलेलं सीमेक मी पुष्कळ पाहिलंय. म्हणून आधी सीमेकला हातच लावू नका. तिन्ही बिल्डमधले फ्लॅग (कंपायलरला दिलेले पर्याय), लायब्ऱ्या, फाइल्सची यादी शेजारी शेजारी मांडा आणि प्रत्येक फरकापुढे त्याचं कारण लिहा. बऱ्याच ठिकाणी कारण सापडणारच नाही. लिनक्सवर सी++१७ आणि विंडोजवर सी++१४ असेल, तर तो विंडोजचा दोष नव्हे. कुणीतरी एकीकडे बदललं आणि दुसरीकडे राहिलं. असे फरक हलवायचे नसतात, मिटवायचे असतात.

उरलेल्यांत प्रश्न नीट विचारा. वॉर्निंगचे फ्लॅग घ्या. ते कंपायलरवर ठरतात, ऑपरेटिंग सिस्टिमवर नाही. विंडोजवर मिनजीडब्ल्यू वापरलं तर तिथेही लिनक्सवरचाच जीसीसी कंपायलर असतो, मग ‘विंडोज आहे का’ हे विचारून उपयोग काय? ‘कंपायलर एमएसव्हीसी (मायक्रोसॉफ्टचा) आहे का’ हे विचारा. असेल तर ‘/डब्ल्यू४’, नसेल तर ‘-वॉल -डब्ल्यूएक्स्ट्रा’ ही जोडी. आणि मेकफाइलमधलं ‘-वॉल’ उचलून जसंच्या तसं एमएसव्हीसीला देऊ नका. तो ते मुकाट्याने स्वीकारतो, पण त्याच्या लेखी त्याचा अर्थ खरोखरच ‘सगळ्या वॉर्निंग’ असा होतो, आणि स्वतःच्याच हेडर फाइल्सबद्दल तक्रारींचा पूर आणतो.

थ्रेड्ससाठी (एका प्रोग्रॅममध्ये अनेक कामं एकाच वेळी चालवण्याची सोय) तर ‘इफ’ लागतच नाही. ‘फाइंड पॅकेज थ्रेड्स’ म्हणा आणि त्यातून मिळणारं टार्गेट आपल्या प्रोग्रॅमला जोडा. कुठे काय लिंक करायचं ते सीमेक बघून घेतं.

तुमच्याकडे सिस्टिमचा खरा फरक एकच असणार, काट्यावरून वजन आणणारा सीरियल पोर्ट. विंडोजवर ‘कॉम३’ आणि विन३२चे कॉल, लिनक्सवर ‘/डेव्ह/टीटीवाययूएसबी०’ आणि टर्मिऑस (असे पोर्ट हाताळायची युनिक्सची पद्धत). मॅकवर पोर्टचं नाव वेगळं, पण टर्मिऑस तेच. म्हणजे इथे तीन नव्हे, दोनच सोर्स फाइल्स हव्यात. कुठली घ्यायची हे ठरवणारं ‘इफ विन३२’ एकदाच, आणि पोर्टचं नाव सेटिंगमध्ये. वजन वाचल्यानंतरच्या कोडला आपण कुठल्या मशीनवर आहोत याचा पत्ताही नसावा.

आता प्रीसेट, म्हणजे बिल्डच्या पर्यायांचा नाव दिलेला संच. सीमेक ३.१९पासून ‘सीमेकप्रीसेट्स’ नावाची जेसन फाइल वापरता येते. तीत एक ‘हिडन’ प्रीसेट करा. निन्जा (प्रत्यक्ष बिल्ड चालवणारं साधन), बिल्डचं फोल्डर, सामाईक व्हेरिएबल्स, सगळं त्यात. बाकीचे तिन्ही त्याच्यावरून ‘इनहेरिट’ करतात आणि आपापल्या दोन-चार ओळी तेवढ्या घालतात. चुकीच्या मशीनवर चुकीचा प्रीसेट दिसू नये म्हणून ‘कंडिशन’ लावता येते, पण त्यासाठी ३.२१ हवं. कुणाच्या लॅपटॉपपुरत्या खोड्या ‘सीमेकयूजरप्रीसेट्स’मध्ये, आणि ती फाइल गिटमध्ये जाता कामा नये. (निन्जाबरोबर एमएसव्हीसी वापरताना व्हिज्युअल स्टुडिओचा डेव्हलपर प्रॉम्प्ट उघडा, नाहीतर कंपायलरच सापडत नाही. या एका ओळीने अनेकांची दुपार वाचेल.)

मॅकवाले ‘माझं एक्सकोड काढून घेतलं’ म्हणून कुरकुरतील. त्यांना सांगा, सीमेक एक्सकोडचा प्रोजेक्ट बनवून देतं. फक्त तो कमिट करायचा नाही.

गिटहब ॲक्शन्स (कोड टाकला की आपोआप बिल्ड चालवणारी सेवा) वापरत असाल तर तीन जॉब नकोत. एकच जॉब, मॅट्रिक्समध्ये (तो कुठे कुठे चालवायचा त्या यादीत) तीन सिस्टिम, आणि सगळ्या पायऱ्यांना शेल बॅश. विंडोजच्या रनरवरही (जॉब चालवणाऱ्या मशीनवरही) ते चालतं. सुरुवातीला ‘फेल-फास्ट’ बंद ठेवा. ते मुळात चालू असतं, म्हणजे विंडोज पडलं की उरलेल्या दोन धावा रद्द, आणि तुम्हाला एका वेळी एकच चूक दिसते. लिनक्सची धाव बहुधा ‘हेडर सापडत नाही’ म्हणून पडेल. फाइलचं नाव ‘Kata’ की ‘kata’ हा भेद मॅक आणि विंडोज सहसा मानत नाहीत, लिनक्स मानतो.

इन्स्टॉलर आणि कोड सायनिंग मात्र वेगवेगळंच राहू द्या. ॲपलचं नोटरायझेशन (प्रोग्रॅम ॲपलकडून तपासून घेणं) आणि विंडोजचा सेटअप यांत सामाईक असं फार काही नाही. ओढूनताणून एकत्र आणलंत तर ती फाइल कुणालाच वाचता येणार नाही. आणि नवं बिल्ड तिन्हीकडे पास झालं, की जुन्या तिन्ही फाइल्स त्याच आठवड्यात उडवा. ‘असू द्या, लागल्या तर’ म्हणालात की चौथी प्रत झाली.

प्रश्न: फाइल्स कॉपी करायला आमच्याकडे लिनक्स-मॅकसाठी एक ‘.एसएच’ आणि विंडोजसाठी एक ‘.बॅट’ स्क्रिप्ट आहे. दोन्ही ठेवू का?
— विद्यार्थिनी, पुणे

उत्तर: नको. ‘सीमेक -ई कॉपी’ सगळीकडे सारखंच चालतं, फोल्डर बनवणं आणि पुसणंही त्यातच येतं. काम त्याहून मोठं असेल तर एक पायथन स्क्रिप्ट लिही.