शेतात काळा जड दगड सापडलाय, चुंबक चिकटतं. उल्का असेल का? विकली तर किती मिळतील?

सरळ सांगतो, बहुतेक नसणार. राग मानू नका, मी स्वतः असे किमान तीन किलो दगड गोळा करून बसलोय.

तुम्ही लिहिलंय की नांगरताना मुठीएवढा काळा दगड निघाला, जड आहे, जुन्या स्पीकरमधलं चुंबक लावलं तर चिकटतं, आणि जुलै 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात मंगळावरचा दगड 53 लाख डॉलरला गेला ती बातमी वाचून आशा लागली. लागणारच, कुणालाही लागेल.

आधी शब्दाचं बघू, आकाशात जळताना दिसते ती उल्का, जमिनीपर्यंत पोचतो तो अशनी. आणि चुंबकाचा पुरावा आपल्याकडे फारसा चालत नाही. जवळजवळ आख्खा मराठवाडा बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या पाषाणावर बसलाय, बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट नावाचं लोखंडाचं चुंबकी खनिज असतं, त्यामुळे विहीर खणताना निघालेला काळा पाषाणसुद्धा दोऱ्याला टांगलेलं चुंबक थोडं ओढतो. तुमचं तर म्हणताय टपकन चिकटतं, मग मला पहिला संशय लोखंडाच्या मळीचा, म्हणजे भट्टीतला स्लॅग. रस्त्याच्या भरावात, बांधावर, कुठेही सापडतो. अशनी जमवणारे लोक अशा फसव्या दगडांना मीटिओराँग म्हणतात, आणि प्रत्येकाच्या घरी त्याचा एक डबा असतोच.

आणि हो, चुंबक आता परत लावू नका. गंमत नाही. सहाराच्या वाळवंटात सापडलेला ब्लॅक ब्यूटी नावाचा मंगळाचा दगड आहे, त्यातले काही कण 440 कोटी वर्षांपूर्वीचे, मंगळाला तेव्हा चुंबकीय क्षेत्र होतं का हे त्यातनं कळलं असतं, पण हात बदलताना ज्याने त्याने जोरदार चुंबक लावून बघितलं आणि बऱ्याच तुकड्यांमधली त्या जुन्या चुंबकत्वाची नोंद पुसली गेली.

घरी करायच्या गोष्टी सांगतो. दगडावर बारीक बारीक भोकं, बुडबुडे फुटल्यासारखी, आहेत का बघा. असतील तर विषय जवळजवळ संपला, अशनीत ती क्वचितच असतात, बेसॉल्टमध्ये आणि मळीत भरपूर. मग बाथरूमच्या टाइलची मागची खरखरीत बाजू घ्या आणि त्यावर दगड घासा. लालसर रेघ आली तर हेमॅटाइट, काळी करडी आली तर मॅग्नेटाइट, अशनी सहसा रेघ सोडत नाही. ताजा पडलेला असेल तर वर एक मिलिमीटरपेक्षा पातळ काळी साल असते, अंड्याच्या टरफलासारखी, आणि कोपरा उडाला असेल तिथे आत फिकट राखाडी दिसतं. तुमचा आतनं पण काळाच असेल तर अवघड आहे. शेवटी एका कोपऱ्यावर कानस मारा, पॉलिश पेपरने गुळगुळीत करा आणि उन्हात तिरपा धरून बघा, आत चांदीसारखे चमकणारे धातूचे ठिपके दिसले तर मात्र मला लगेच कळवा.

आता माझी फजिती. 22 मे 2012 ला दुपारी दोनच्या सुमारास नागपूर जिल्ह्यात काटोलला अशनींचा वर्षाव झाला. माझं आजोळ तिकडचं. मामाचा फोन आला, म्हणे असा धडाका झाला की ट्रान्सफॉर्मर उडाला वाटलं, आणि आता लोक शेतात दगड शोधत फिरताहेत. मी शनिवारी बस पकडून पोचलो, नागपूरकडचं मे महिन्यातलं ऊन, डोक्याला पंचा बांधून दोन दिवस संत्र्याच्या बागा पालथ्या घातल्या आणि जो जो काळा दिसला तो तो पिशवीत टाकला. सगळा बेसॉल्ट निघाला! मामी अजून त्यातल्या दोन दगडांनी लोणच्याच्या बरणीचं फडकं दाबून ठेवते.

तो काटोलचा दगड एल 6 प्रकारचा, म्हणजे साधा कोंड्राइट, सगळ्यात जास्त सापडणारा दगडी अशनी, याच प्रकारचे सहारातनं ढिगाने येतात. पण 2021 मध्ये आयआयटी खरगपूरच्या लोकांनी त्याच काटोलच्या तुकड्यात ब्रिजमनाइट सापडल्याचं छापलं, हे खनिज पृथ्वीच्या पोटात सगळ्यात जास्त आहे पण इतकं खोल की आपण हात लावू शकत नाही, आणि ते अवकाशात लघुग्रहांच्या आपसातल्या टकरीच्या दाबाने तयार होऊन संत्र्याच्या बागेत येऊन पडलं. मी ते वाचलं तेव्हा पिशवीची फार आठवण आली.

पैशाचं विचारलंत म्हणून, या बाजारात दगडाइतकीच किंमत त्याच्या कागदाला असते. पडताना लोकांनी पाहिलेला, तारीख आणि गाव माहीत असलेला तुकडा त्याच प्रकारच्या बिननावाच्या तुकड्यापेक्षा जास्त भाव घेतो. एखाद्या वस्तूवर आदळला असेल तर अजून, त्याला हॅमर म्हणतात. 1992 मध्ये न्यूयॉर्कजवळ पीकस्किलला 12 किलोचा अशनी एका मुलीच्या जुन्या शेव्हरोले गाडीच्या डिकीवर पडला, तर ती चेपलेली गाडीच संग्राहकाने विकत घेतली आणि नंतर ती देशोदेशी प्रदर्शनांत फिरली. अशनीला नाव जवळच्या गावाचं मिळतं, आणि ते मिळवायचं तर आधी 20 ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या 20 टक्के, यातलं जे कमी असेल तेवढा तुकडा एखाद्या संस्थेत कायमचा जमा करावा लागतो. वाळवंटातल्यांना गाव कुठलं, म्हणून तिथे नुसते नंबर. तो 53 लाख डॉलरचा मंगळाचा दगड म्हणजे एनडब्ल्यूए 16788, वायव्य आफ्रिका आणि पुढे आकडा, बस.

मी एकदा कागद न बघता ऑनलाइन एक लोखंडी अशनी घेतला होता. आला तेव्हा चकचकीत, एका पावसाळ्यात डबीत तांबडा भुगा. तो खरा होता की नाही हेही मला आता सिद्ध करता येत नाही, कारण सोबत काहीच नव्हतं. तेव्हापासून सिलिका जेलच्या पुड्या आणि प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी. आणि कुणी "टेस्टिंग फी भरा, मग करोडोंचं गिऱ्हाईक आणतो" म्हटलं तर फोन ठेवा, तांदूळ ओढणारं जादूचं भांडं म्हणून लोकांना गंडवणाऱ्या राइस पुलरवाल्यांचाच धंदा आहे तो.

दगड शोधायला शेतच लागतं असंही नाही. नॉर्वेत यॉन लार्सन म्हणून जॅझ गिटार वाजवणारा माणूस आहे, त्याने शहरातल्या छपरांवरच्या पन्हाळीतला गाळ धुऊन धुऊन सूक्ष्म अशनी शोधले, केसाच्या दोन चार पट जाडीचे गोळे, आणि 500 जमवून शास्त्रज्ञांकडून खरे असल्याचं वदवून घेतलं. त्याआधी जाणकार म्हणायचे शहरात ते जमणारच नाही. मीही आमच्या सोसायटीच्या गच्चीवरचा गाळ बादलीत घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून फिरवलं, मायक्रोस्कोपखाली काळे चमकदार गोळेच गोळे! रात्रभर झोप नाही. सकाळी बायकोने आठवण करून दिली की गच्चीच्या ग्रिलचं वेल्डिंग दिवाळीच्या आधीच झालं होतं, आणि दिवाळीत फटाके तिथेच उडवले होते. असेच गोळे त्यातनंही पडतात.

तर तुम्ही टाइलवर घासून बघा, कानस मारलेल्या जागेचा फोटो दिवसाउजेडी काढा, बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवा, वजन किराणा दुकानातल्या काट्यावर करून लिहा. दगड शेतात नेमका कुठे होता ते मोबाइलवर लोकेशन सेव्ह करून ठेवा, हे आजच करा, पेरणी झाली की जागा सापडत नाही. ठिपके दिसलेच तर नागपूरला सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं ऑफिस आहे, तिथे जायचं. आणि दगड धुवू नका, भोकं दिसली असतील तरच धुवा.