वाचक विचारतात : गिटार अ‍ॅम्पचे व्हॉल्व्ह

प्रश्न : फेंडर कंपनीच्या चॅम्प ५एफ१ या छोट्या गिटार अ‍ॅम्पच्या आराखड्यावरून अ‍ॅम्प बांधतोय. ट्रान्सफॉर्मर लॅमिंग्टन रोडवरून गुंडाळून घेतला आहे. व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) कोणते घेऊ? ६व्ही६ च्या जागी ६एल६ बसवला तर आवाज वाढेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मूळ संच तीनच व्हॉल्व्हचा आहे : सुरुवातीचा सिग्नल वाढवणारा १२एएक्स७ (म्हणजेच ईसीसी८३), स्पीकर चालवणारा पॉवर व्हॉल्व्ह ६व्ही६जीटी आणि एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर ५वाय३जीटी. पहिल्यांदा हाच लावा. ६एल६ त्याच सॉकेटात बसतो, पण त्याचा फिलामेंट (आतली तापणारी तार) ०.४५ ऐवजी ०.९ अँपिअर खातो आणि आवाजातली वाढ जेमतेम असते. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मुळात ६व्ही६ च्या हिशेबाने घेतलेला. ६एल६ चा खर्च मोठ्या, चांगल्या स्पीकरवर करा, फरक लगेच कळेल.

‘मॅच्ड पेअर’च्या (जुळवलेल्या जोडीच्या) नावाने जास्त पैसे देऊ नका. इथे पॉवर व्हॉल्व्ह एकटाच आहे, जोडी जुळवणार कोणाशी? पैसे टाकायचेच तर १२एएक्स७ वर टाका, कारण त्याची खरखर पुढे सगळी मोठी होऊन येते. गिटार न जोडता आवाज निम्म्यावर ठेवा आणि पेन्सिलीने काचेवर हलकेच टिचकी मारा. बारीक टकटक आली तर चालेल, टणत्कार घुमत राहिला तर व्हॉल्व्ह परत करा. आवाज लवकर फाटतोय असे वाटले तर १२एएक्स७ च्या जागी ५७५१ लावून पाहा. त्याचा गुणक (सिग्नल किती पट वाढवतो तो आकडा) १०० ऐवजी ७० आहे आणि दोन्ही टप्पे एकाच काचेत असल्याने घट दोनदा लागते. १२एयू७ मात्र फारच मिळमिळीत.

५वाय३ च्या जागी जीझेड३४ हा रेक्टिफायर नको. प्लेटचे (व्हॉल्व्हमधल्या प्रवाह गोळा करणाऱ्या पत्र्याचे) व्होल्टेज ४०-५० ने चढते आणि ६व्ही६ ला ते सोसत नाही. ५वाय३ नंतरचा पहिला कपॅसिटरही १६ ते २२ मायक्रोफॅरडच ठेवा.

आणखी एक, आपल्याकडे हमखास राहून जाणारे. ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (मेन्सकडची गुंडाळी) २२० व्होल्टची असेल आणि घरी २४५ येत असतील, तर फिलामेंटच्या ६.३ व्होल्टचे सात होतात. ६व्ही६ च्या २ व ७ पिनांवर एसी मोजा. ६.९ च्या वर गेले तर प्रायमरीला २४० व्होल्टचा टॅप (गुंडाळीतून काढलेली जोडणी) काढून घ्या.

प्रश्न : जुन्या रेडिओतले यूएल८४ पडून आहेत. ईएल८४ म्हणून वापरता येतील?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचा फिलामेंट, ‘यू’ म्हणजे १०० मिलिअँपिअरचा, मालिकेत जोडायचा. यूएल८४ ला ४५ व्होल्ट लागतात. बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) ईएल८४ सापडले तर मात्र जपून ठेवा.

प्रश्न : ६व्ही६ ची प्लेट काही मिनिटांत लाल होते. व्हॉल्व्ह खराब आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नवा व्हॉल्व्ह घालण्याआधी मोजा, नाहीतर तोही जळेल. अ‍ॅम्प वरच्या चॅम्पसारखा असेल, तर कॅथोडच्या (प्रवाह सोडणाऱ्या टोकाच्या) ४७० ओहम रेझिस्टरवर १९ व्होल्ट आले तर प्रवाह सुमारे ४० मिलिअँपिअर. त्यातले दोन-तीन स्क्रीन ग्रिडचे (प्लेटजवळच्या मदतनीस जाळीचे) वजा करा. उरलेल्या ३७ ला प्लेट-कॅथोडमधल्या ३२० व्होल्टने गुणले की १२ वॅटच्या आसपास येते, ते ठीक. बरेच जास्त निघाले तर ५ नंबरच्या पिनेवर, म्हणजे ग्रिडवर (प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर), डीसी पाहा. तिथे शून्य हवे. एक-दोन व्होल्ट जरी पॉझिटिव्ह दिसले तरी प्रवाह वाढतो. मग अ‍ॅम्प बंद करून व्हॉल्व्ह काढा, पुन्हा चालू करून तीच पिन मोजा. व्होल्टेज तसेच राहिले तर ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर (आधीच्या टप्प्याचा सिग्नल ग्रिडला देणारा) गळतोय : ६३० व्होल्टचा नवा घाला. व्हॉल्व्ह काढताच शून्य झाले तर दोष व्हॉल्व्हमध्येच आहे. मोजताना एक हात खिशात ठेवा. आणि डाग द्यायच्या आधी प्लग काढून फिल्टर कपॅसिटर १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून रिकामे करा, मीटरवर १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करूनच हात घाला.