पामीरला चढताना दुशान्बेकडूनच चढ
पहिल्यांदाच ताजिकिस्तानातला डोंगरी पामीर हायवे करतोयस ना, मग किर्गिझस्तानातल्या ओशकडून नको, ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बेकडून निघ. खोरोग साधारण 2100 मीटरवर, मुरगाब 3600 वर, अक-बैताल खिंड 4655 वर. शरीर हळूहळू रुळतं. ओशहून थेट वर गेलास तर पहिल्याच रात्री डोकं धरून बसशील.

ई-व्हिसाचा अर्ज भरतानाच गोर्नो-बदख्शानचा (हायवे ज्या प्रांतातून जातो त्याचा) परवाना माग. चेकपोस्टवर तोच बघतात, झेरॉक्स जवळ ठेव. सोमोनी (तिथलं चलन) दुशान्बेतच काढ, वर एटीएमचा भरवसा नाही. शेअर जीप आपल्या वडापसारखीच, भरल्याशिवाय हलत नाही; पहाटेच अड्डा गाठ, ड्रायव्हरशेजारची सीट पकड. शाकाहारी असशील तर शेंगदाण्याची चटणी ने. होमस्टेत नान-चहा मिळेल, पण शोरपोत, म्हणजे तिथल्या सूपमध्ये, मटण आलंच. दोन दिवस जादा धर. दरड आली की रस्ता कधी उघडेल, ते ड्रायव्हरही सांगत नाही.