रिपोर्ट चांगले, मग अंगात त्राण का नाही?

प्रश्न : मी ४३ वर्षांची, अमळनेर तालुक्यातली. २०२१च्या एप्रिलमध्ये कोरोना झाला, घरीच बरी झाले. पण पूर्वीची ताकद काही परत आली नाही. यंदा आखाजीला नणंदा आल्या म्हणून खापरावर पंधरा मांडे केले. त्या दिवशी निभावलं, दुसऱ्या दिवसापासून मात्र तीन दिवस अंथरुणातून उठवेना. बोलताना शब्द सापडत नाहीत, बचतगटाचा हिशेब तीनदा मांडावा लागतो. एक्स-रे, ईसीजी चांगले आहेत. सासूबाई म्हणतात, ‘तुले काय व्हयनं? रिपोर्ट ते चांगला शेतस.’ आता माझाच माझ्यावर विश्वास उरला नाही.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला ‘दुसऱ्या दिवसापासून’ हा शब्द मी दोनदा वाचला. साधा थकवा झोपेने जातो. लाँग कोविडमध्ये श्रमाची किंमत बऱ्याचदा एकदोन दिवसांनी वसूल होते. कोरोनानंतर तीन महिन्यांनीही थकवा, धाप, विसराळूपणा दिसतो, किमान दोन महिने टिकतो आणि दुसरं कारण सापडत नाही, तेव्हा जागतिक आरोग्य संघटना त्याला लाँग कोविड म्हणते. हे २०२१मध्येच ठरलं आहे. एक्स-रेत हा थकवा दिसत नाही, म्हणून तो खोटा ठरत नाही.

आधी दुसरी कारणं तपासा : हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी-१२. पाच मिनिटं पडून नाडी मोजा, मग कुणाला तरी जवळ ठेवून दहा मिनिटं उभ्या राहा. नाडी ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर फिजिशियनला नक्की सांगा. छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलात, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

खात्रीचं एकच औषध अजून नाही. म्हणून ताकद जपून वापरायची. बरं वाटतं त्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकायचा मोह होतो, आणि तिथेच घात होतो. दमण्याच्या आधी बसा. ‘रोज थोडं चालणं वाढवा’ हा सल्लाही तुमच्यासारख्यांना बाधतो. पुरण आदल्या दिवशी शिजवा, मांडे दुसऱ्या कुणाला करू द्या; वैशाखाच्या उन्हात चुलीची धग तुम्हाला झेपणारी नाही. काय केलं आणि दोन दिवसांनी काय झालं, ते वहीत लिहा.

ती वही घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा सासूबाईंनाही सोबत न्या.