पावतीशिवाय दिलेले आठशे रुपये

प्रश्न : मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता, म्हणून घराजवळच्या सेवा केंद्रात गेले. फॉर्मचे 20, स्कॅनिंगचे 60, टायपिंगचे 100, ‘सरकारी फी’ म्हणून 100 आणि 500 च्या स्टॅम्प पेपरचे 520, असे 800 रुपये घेतले. पावती मागितली तर म्हणाले, सर्व्हर डाऊन आहे. आता म्हणतात, दाखला न्यायला याल तेव्हा 200 आणा, ते टेबलाचे. यजमान म्हणतात, "इतक्यासाठी कोण भांडते, पोरीचं काम होऊन राहिलं नं." पण मला रात्री झोप येत नाही. मी काय करू? (एक वाचक भगिनी, मानेवाडा, नागपूर)

उत्तर : ताई, आधी त्या 200 रुपयांचं बोलते, कारण ते अजून तुमच्या हातात आहेत. ते देऊ नका. बाकीचे 800 हा जादा आकारणीचा प्रश्न आहे. हे 200 वेगळे आहेत. ‘टेबलाचे’ म्हणजे आतल्या अधिकाऱ्याकडून काम करून देण्यासाठी मागितलेले पैसे. असे पैसे मधल्या माणसाने घेणं हा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 7-अ खाली गुन्हा आहे आणि त्याला किमान 3 आणि कमाल 7 वर्षं शिक्षा आहे. ते पैसे खरंच कुठल्या टेबलावर पोचतात की त्याच्याच खिशात राहतात, हे शोधणं तुमचं काम नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा टोल फ्री क्रमांक आहे. पैसे देण्याआधी फोन केला तर तेच पुढची कारवाई ठरवतात. आणि समजा माझं उत्तर पोचण्याआधी तुम्ही दबावाखाली पैसे देऊन बसला असाल, तरी घाबरू नका. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार धरला जातो हे खरं, पण जबरदस्तीने द्यावे लागले आणि 7 दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर त्याला संरक्षण आहे. हे 7 दिवस पैसे दिल्याच्या तारखेपासून मोजायचे.

आता प्रतिज्ञापत्राच्या स्टॅम्प पेपरचे 520 रुपये. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त चीड आणणारी ओळ हीच. शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क राज्य सरकारने 1 जुलै 2004 च्या अधिसूचनेनेच माफ केलेलं आहे. म्हणजे वीस वर्षं उलटली, तरी लोक स्टॅम्प पेपर घेतच आहेत. ऑक्टोबर 2024 मध्ये किमान मुद्रांक शुल्क 100 वरून 500 झालं आणि हा भुर्दंड एकदम पाचपट झाला. इतका गोंधळ झाला की मार्च 2025 मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे मंत्री, यांना पुन्हा जाहीर करावं लागलं की उत्पन्न, जात, रहिवासी अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागत नाही. साध्या कागदावर लिहून दिलेलं चालतं. बऱ्याच ठिकाणी तर प्रतिज्ञापत्राचीही गरज उरलेली नाही, कारण 9 मार्च 2015 च्या शासन निर्णयाने स्वघोषणापत्र स्वीकारायला सांगितलं आहे.

स्टॅम्पच्या 500 वर घेतलेले 20 रुपये तर कुठल्याच हिशोबात बसत नाहीत. परवानाधारक मुद्रांक विक्रेत्याला कमिशन सरकारकडून मिळतं. दर्शनी किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेण्याचा त्याला अधिकार नाही.

तुमच्या प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स घरी असेल. नसेल तर केंद्रातून मागून घ्या, ती तुमचीच आहे. स्टॅम्प पेपरवर विक्रेत्याचा शिक्का असतो : नोंदवहीतला अनुक्रमांक, तारीख, खरेदी करणाऱ्याचं नाव, कशासाठी घेतला ते कारण. या चार गोष्टी वाचा. कारणाच्या जागी ‘उत्पन्न दाखला’ लिहिलं असेल, तर नको असलेला स्टॅम्प तुमच्या गळ्यात मारला गेला, याचा पुरावा त्यांनीच लिहून दिलेला आहे. पेपर दुसऱ्याच्या नावावर असेल तर तेही तक्रारीत लिहा.

राहिली ती ‘सरकारी फी’. 100 हा आकडा ऐकताच मला शंका आली, कारण सरकारी शुल्क, केंद्राचं सेवाशुल्क आणि त्यावरचा जीएसटी जोडला की रक्कम सहसा अशी गोल येत नाही. दर शासन निर्णयाने ठरतात आणि केंद्रात ते दर्शनी भागात लावलेले हवेत. फलकाचा मोबाइलवर फोटो काढा. फलक नसेल, तर ‘फलक नाही’ हीच तक्रारीतली पहिली ओळ करा. पैसे यूपीआयने दिले असतील, तर त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. रक्कम केंद्राच्या खात्यात गेली की चालकाच्या वैयक्तिक नंबरवर, हेही त्यातून दिसतं.

फॉर्मच्या 20 आणि स्कॅनिंगच्या 60 रुपयांबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आंधळेपणाने बोलणार नाही. फॉर्म छापील घेतला, झेरॉक्स काढल्या, कोणाकडून मजकूर टाइप करून घेतला, तर त्या श्रमाचे पैसे मागणं बेकायदा नाही. मात्र ते आधी सांगायला हवेत आणि ‘सरकारी’ या नावाखाली घ्यायला नकोत. अर्जाला जोडलेली कागदपत्रं अपलोड करणं हे केंद्राच्या सेवेतच येत असेल, तर स्कॅनिंगचा वेगळा आकार टिकणार नाही. 100 रुपयांचं टायपिंग, जे स्टॅम्प पेपरसाठीच केलं गेलं, तेही त्या अनावश्यक स्टॅम्पसोबतच पडतं.

तुमचे यजमान जे म्हणाले, ते मी कोर्टाच्या आवारात रोज ऐकते. माझ्याकडे नागपूरच्याच महाल भागातल्या एक वृद्ध विधवा बाई आल्या होत्या. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून देण्याचे त्यांच्याकडून कुणी 300 रुपये घेतले होते. त्या योजनेत त्यांना महिन्याला 1500 मिळणार होते. म्हणजे पहिल्या महिन्याच्या पैशाचा पाचवा हिस्सा अर्जावरच गेला. त्यांनी पदराच्या गाठीतून नोटा काढल्या होत्या, त्या गाठीचा पीळ अजून कापडात तसाच होता. "बाई, पावती दिली का?" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "मागायला भ्याव वाटलं." ज्यांना शंभर रुपये जास्त वाटतात, त्यांच्याकडूनच हे पैसे सगळ्यात सहज निघतात, कारण त्यांनाच दाखल्याची निकड असते.

‘सरकारी फी’ म्हणून मनाला येईल ते घेण्याबाबत कायदा स्पष्ट आहे. घटनेचं कलम 265 सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये अहमदाबादच्या नगरविकास प्राधिकरणाच्या प्रकरणात शुल्कालाही हाच नियम लावला : कायद्यात स्पष्ट अधिकार नसेल, तर फीसुद्धा वसूल करता येत नाही.

आता तक्रार कुठे? ग्राहक आयोगात जा असं मी म्हणणार नाही. पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला आयोगात फीही नाही. पण दाखला देणं हे सरकारचं वैधानिक काम आहे, त्यामुळे ‘तुम्ही ग्राहक आहात का’ यावरच तारखा जातील. तुमचं काम तहसीलदारांकडे लेखी तक्रार करून लवकर होईल. प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या सेतू शाखेला द्या, कारण केंद्रावर देखरेख ठेवणारी यंत्रणा तिथे आहे. आवक-जावकला देऊन तुमच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी लोकशाही दिन असतो, त्यासाठी 15 दिवस आधी विहित नमुन्यात अर्ज द्यावा लागतो. आधीची तक्रार हातात असेल तर तिथे बोलणं सोपं जातं.

तुमची खरी भीती ही आहे की तक्रार केली तर दाखला अडकेल. अर्जाचा क्रमांक तुमच्याकडे आहे ना? तो घेतलाच पाहिजे. ऑनलाइन अर्ज दाखल झाला की तो निर्णयासाठी महसूल अधिकाऱ्याकडे जातो, केंद्रचालकाच्या हातात तो राहत नाही. ‘आपले सरकार’ पोर्टलवर क्रमांक टाकून तुम्ही स्वतः पाहू शकता. उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवसांची मुदत आहे. ती उलटली, किंवा नीट कारण न देता अर्ज फेटाळला, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं, मग दुसरं, आणि शेवटी लोकसेवा हक्क आयोगाकडे. आयोगाचे आयुक्त नागपूर विभागालाही आहेत. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. हा कायदा उशिरासाठी आहे, जादा पैशांसाठी नाही, म्हणून दोन्ही तक्रारी एका कागदावर लिहू नका.

दाखला तयार झाल्यावर तो तुमच्या लॉगिनवरून घरबसल्या काढता येतो का, ते आधी पाहा. अर्ज केंद्राच्या लॉगिनमधून भरलेला असेल, तर केंद्रातच जावं लागेल. तेव्हा मुलीला सोबत न्या. "200 कशाचे, पावतीवर लिहून द्या" एवढंच म्हणा, आवाज चढवू नका. आणि 1064 वर फोन आदल्या दिवशीच करून ठेवा.