लग्नाच्या शूटिंगमध्ये दृश्ये हलतात आणि मंगलाष्टकांच्या वेळी फोकस सुटतो, त्यासाठी काय करावे?

आपण सांगली परिसरात लग्नाचे शूटिंग नुकतेच सुरू केले आहे, दृश्ये हलतात, मंगलाष्टकांच्या वेळी फोकस सुटतो व चेहरे काळवंडतात, आणि म्हणून आधी गिंबल (मोटरच्या साहाय्याने कॅमेरा स्थिर धरणारी दांडी) घ्यावा की नवा कॅमेरा, असे आपण विचारले आहे. मी याच जिल्ह्यात हे काम करतो. माझ्या मते आपल्याला सध्या या दोहोंपैकी कशाचीच गरज नाही. तिन्ही अडचणींचे मूळ बहुधा एकच असते: विधी पुढे जातो आणि कॅमेरा त्याच्या मागे धावतो. पुढे काय होणार हे आधी ठाऊक असेल, तर योग्य जागा धरून उभे राहता येते आणि बाकीचे बरेचसे तिथूनच सांभाळता येते.

अंतरपाटाचाच विचार करा. ते कापड बहुधा पांढरे असते. एक्स्पोजर, म्हणजे चित्रात किती उजेड घ्यायचा ते, ऑटोवर ठेवले, तर कॅमेरा त्या पांढऱ्या कापडाला बिचकून सगळे चित्र गडद करतो आणि चेहरे काळवंडतात. मग अंतरपाट खाली येताच उजेड एकदम वाढतो, तोही नेमक्या त्या क्षणी, जो घरची माणसे पुढे अनेक वर्षे पाहणार असतात. म्हणून वधू-वर पाटावर उभे राहिले की चेहऱ्यावरचा उजेड पाहून एक्स्पोजर हाताने ठरवावे आणि अक्षता पडेपर्यंत त्याला हात लावू नये. उभे राहायचे ते अंतरपाटाच्या टोकाशी, भटजींच्या समोरच्या बाजूला. तिथून कापडाची फक्त कड दिसते, दोघांचे चेहरे बाजूने दिसतात आणि दोघेही कॅमेऱ्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर येतात, त्यामुळे एकाच फोकसमध्ये दोघे स्पष्ट राहतात. तरीही लेन्स एफ १.८ वर पूर्ण उघडण्याचा मोह टाळून एफ ४ च्या आसपास राहावे, कारण लेन्स जितकी जास्त उघडी (एफचा आकडा जितका लहान), तितके कमी अंतर फोकसमध्ये राहते. दुसरा कॅमेरा असल्यास तोही याच बाजूला लावावा, कारण दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या पलीकडे गेल्यास संकलनात वधू-वर अचानक जागा बदलल्यासारखे दिसतात.

फोकस सुटतो तो मुख्यतः अक्षतांमुळे. लेन्ससमोरून तांदूळ उडाले की ऑटोफोकस त्यांच्यामागे जातो. या वेळी दोघे जागचे हलत नसल्याने फोकस हाताने लावून तसाच ठेवणे सर्वांत सुरक्षित आहे. प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी ‘सावधान’ येते, पण ‘तदेव लग्नं’ सुरू झाले की मुहूर्त आला असे समजावे. तेव्हा पाहुण्यांकडे वळलेला कॅमेरा परत आलेला असला पाहिजे. मुहूर्ताला उशीर होणे नेहमीचेच आहे आणि काही जुने कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबवतात, म्हणून मंगलाष्टकांच्या जरा आधी ते एकदा थांबवून नव्याने सुरू करावे.

आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम (चित्रे) आणि शटर १/५० सेकंद ठेवावे. स्लो मोशनसाठी ५० फ्रेम आणि १/१०० ठेवावे. ३० फ्रेम आणि १/६० ठेवल्यास कार्यालयातील दिव्यांचा लुकलुकाट किंवा आडवे पट्टे चित्रात उतरू शकतात. काही एलईडी माळा त्यानंतरही त्रास देतात, तेव्हा विधीपूर्वी एक छोटी चाचणी घेऊन शटर थोडे मागेपुढे करावे. भर उन्हात १/५० वर चित्र पांढरे पडते. तिथे शटर वाढवण्याऐवजी एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी गडद काच) लावावा. तासगाव-वाळव्याकडच्या गावांत अजून दारात मांडव पडतो आणि त्या रंगीत कापडाची झाक सर्वांच्या चेहऱ्यांवर येते, म्हणून व्हाइट बॅलन्स (रंग खरे दिसावेत यासाठीची कॅमेऱ्याची जुळणी) मांडवाच्या आतच, राखाडी कार्डावर घ्यावा. हळदीच्या वेळी तर हे फारच महत्त्वाचे आहे, कारण ऑटोवरचा कॅमेरा तो पिवळा रंग कमी करू पाहतो.

आवाजाविषयी थोडक्यात सांगतो. भटजींजवळ छोटा रेकॉर्डर ठेवावा आणि त्याची पातळी कमीच ठेवावी, कारण अक्षता पडताक्षणी वाजंत्री सुरू होते आणि आवाज फाटतो.

स्थिरतेसाठी विधींना चांगला ट्रायपॉड आणि गर्दीत मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) वापरावा. दृश्य सुरू केल्यावर मनात दहा मोजेपर्यंत कॅमेरा वळवू नये आणि रेकॉर्डिंग चालू असताना झूम करू नये. सुरुवातीला हे अवघड जाते, कारण आजूबाजूला इतके काही घडत असते की सगळेच टिपावेसे वाटते. पण वधूच्या आईचा चेहरा दहा सेकंद शांतपणे पाहायला मिळणे हे सभागृहावरून चारदा फिरवलेल्या कॅमेऱ्यापेक्षा त्या कुटुंबाला कितीतरी मोलाचे असते. याचा सराव संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर करावा. तिथे माणसांची ये-जा असते आणि उजेड झपाट्याने उतरतो, त्यामुळे गोरज मुहूर्ताच्या लग्नात हाताने एक्स्पोजर कसे सांभाळायचे, तेही समजते.

गिंबल उपयोगी पडतो तो वरातीत, हलगीच्या तालावर नाचणाऱ्यांसोबत चालताना, आणि गृहप्रवेशाच्या वेळी. तो तेवढ्यापुरता भाड्याने घ्यावा आणि आदल्या दिवशी घरीच आपल्या लेन्ससह त्याचा तोल साधून ठेवावा, कारण तोल नीट नसेल तर मोटरवर ताण येऊन चित्र थरथरते आणि बॅटरीही लवकर संपते.